आधी इंजिनाचं

चिलोएच्या बेटांवर सूर्य उत्तरेकडून जातो,
तोही वर्षातले मोजके दिवस,
बूड न टेकता निघणाऱ्या पाहुण्यासारखा.
पॅनेलं मी टपावर सपाटच निजवलीत.
नाव कुठे एका दिशेला तोंड करून उभी राहते?

वडलांच्या वेळी बॅटरी एकच होती.
जुलैतल्या एका रात्री रेडिओ ऐकता ऐकता
ते बसल्या जागी झोपले.
रेडिओ जागा राहिला, दिवाही.
पहाटे किल्ली फिरवली, तर इंजिन
नुसतं खाकरलं.
ओहोटीची ओढ लागलेली, समोर खडक,
नावेत चौदा पोती बटाटे, एक डुक्कर, दोन वल्ही.
एका वल्ह्यावर मी. अकरा वर्षांची.

ते डुक्कर विकून दुसरी बॅटरी आली
आणि तिच्यामागून वाटणीचा प्रश्न.
ऊन एक, तोंडं दोन.
आई म्हणाली, निम्मं निम्मं.
अचाओहून तेओदोसिओ बारिएन्तोस आला,
कानामागे टेस्टर, ओठात विझलेली सिगारेट.
"निम्मं कसलं, बाई? पेंड आधी बैलाला.
इंजिनाची काठोकाठ भरू दे,
वरून सांडेल ते घराचं.
आणि रात्री घराने
इंजिनाच्या हंड्यात हात घालायचा नाही."

पहिल्यांदा त्याने डायोड लावले, एकेरी दारं.
पण दारं जकात घेत,
उंबरठ्यावरच अर्धा-पाऊण व्होल्ट,
आणि आमच्याकडे ऊनच चिमूटभर.
मग रिले आणला. मुठीत मावेल एवढा.
तेरा पॉइंट तीनला जोडतो,
बारा पॉइंट आठला तोडतो.
टक.
त्याला तेवढाच शब्द येतो.
तो ऐकल्याशिवाय वडलांनी पुन्हा कधी
रेडिओला हात लावला नाही.

तेओदोसिओने एक लाल खटकाही बसवला होता,
दोन्ही बॅटऱ्या हाताने जोडायचा, अडीनडीला.
वडलांनी त्यावर चिकटपट्टी मारली. दुहेरी.

ते गेले. नाव माझी झाली, पट्टीसकट.

गेल्या जूनमध्ये नऊ दिवस बंदर बंद होतं.
उत्तरेचा वारा, आभाळ शिशाचं,
नाव नांगरावर, मी नावेत, गळतीवर पंप मारत.
नऊ दिवसांत एकदाही टक झालं नाही.
सहाव्या दिवशी घर विझलं.
मेणबत्ती लावली, बटाटे उकडले,
मुक्या रेडिओवर ओले मोजे वाळत घातले.

फोन पोचत नाही अशा बेटांवर
संध्याकाळी सातला रेडिओवरून निरोप जातात.
लाउरितेला मुलगी झाली.
पिठाचं पोतं धक्क्यावर ठेवलंय, भिजायच्या आत न्या.
एर्सिरा, ओरिएल येतोय,
बंदर उघडलं की पहिल्या बोटीने.
धक्क्यावर ये.

माझा भाऊ. सात वर्षांनी.
तीन संध्याकाळी वाचला म्हणे निरोप.

दहाव्या दिवशी बंदर उघडलं.
किल्ली फिरवली. पहिल्या हाकेला उठलं इंजिन,
खणखणीत, वडलांना आवडलं असतं असं.
मी बटाटे भरले आणि उलट्या दिशेला निघाले.

चार वाजता परतीची बोट होती. त्याने ती घेतली.
धक्क्यावरच्या दुकानात ओदुलियाकडे
एक फोटो ठेवून गेला,
दात पडलेला मुलगा, कपाळ आमच्या आईचं.
मागे नाव लिहिलेलं, तेही पावसाने फुगलेलं.

तेओदोसिओचं चुकलं असं मी म्हणत नाही.
खडक अजून तिथेच आहेत.

आज पुन्हा चौथा दिवस, आभाळ तेच.
सातला पाच कमी असताना
मी पट्टी नखाने उकरली, खटका दाबला.
काटा थरथरला, जरासा खाली बसला.
एक हात खटक्यावर ठेवून ऐकलं,
चूल पेटती ठेवून शेजाऱ्याकडे गेल्यासारखं.
कुणाची तरी शेळी हरवलीय, पांढऱ्या कानांची.
कुणाचं तरी ऑपरेशन नीट झालं.
माझ्यासाठी काही नव्हतं.

खटका वर केला.
पट्टी आता पुन्हा चिकटत नाही.